मंगळाचे रंगीत पॅनोरमा: एका फिल्टरवरून झालेल्या वादाची पार्श्वभूमी

आजचे मंगळ-रोव्हर एका क्लिकमध्ये रंगीत फोटो काढतात. जानेवारी २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरांच्या पॅनकॅमची, म्हणजे पॅनोरमा काढणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी होती. मास्टच्या, म्हणजे रोव्हरवरच्या उभ्या खांबाच्या माथ्यावर ३० सेंटिमीटर अंतराने दोन डोळे. दोन्हींचे सेन्सर १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे आणि कृष्णधवल. प्रत्येक डोळ्यापुढे आठ फिल्टरांचं एक चक्र. रंग हवा असेल तर कॅमेरा न हलवता चक्र फिरवून तीन फोटो घ्यायचे आणि ते पृथ्वीवर लाल, हिरव्या व निळ्या चॅनलमध्ये बसवायचे. एका फोटोत १६ बाय १६ अंशांचा तुकडा येतो. शेजारच्या फोटोशी जुळवायला थोडा भाग दोन्हीकडे लागतोच, त्यामुळे क्षितिजाभोवतीच्या एका फेरीला पंचवीसहून जास्त तुकडे, म्हणजे पाऊणशेच्या वर फोटो होतात. पायथ्याची जमीन आणि रोव्हरची पाठही हवी असेल तर अशा आणखी ओळी घ्याव्या लागतात.

मंगळाच्या फोटोंतल्या रंगाचा वाद या रोव्हरांहून जुना आहे. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग-१ या यानाचा पहिला रंगीत फोटो दाखवला गेला, तेव्हा त्यात आभाळ निळसर होतं. रंग मोजणाऱ्या डायोडांमध्ये इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा लालपलीकडचा प्रकाशही झिरपत होता. हिशेब पुन्हा केल्यावर आभाळ तांबूस-गुलाबी ठरलं. १९९७ च्या पाथफाइंडर यानावर फिल्टरचक्र होतं, पण सेन्सर लहान होता.

खरी खळबळ उडाली ती २००४ मध्ये. पॅनकॅमच्या डाव्या डोळ्यातले फिल्टर नॅनोमीटरमध्ये असे होते: एल२ ७५३, एल३ ६७३, एल४ ६०१, एल५ ५३५, एल६ ४८२ आणि एल७ ४३२. माणसाच्या डोळ्याला दिसेल त्याच्या जवळ जायचं तर एल४, एल५, एल६ घ्यायला हवेत. प्रत्यक्षात सर्वाधिक येणारा संच एल२, एल५, एल७ हा होता. यातला एल२ लालच्या पलीकडचा, इन्फ्रारेडच्या उंबरठ्यावरचा आहे. रोव्हरच्या पाठीवर रंग तपासायला एक सूर्यघड्याळ होतं. त्यावर राखाडी कडी होती आणि कोपऱ्यांत निळी, हिरवी, लाल, पिवळी चकती. एल२ ला लाल मानून केलेल्या फोटोंत ही निळी चकती चक्क गुलाबी दिसली. तिचं रंगद्रव्य ७५३ नॅनोमीटरला भरपूर प्रकाश परत फेकतं, एवढंच त्यामागचं कारण होतं. तरीही रंग मुद्दाम बदलल्याचा आरोप झाला आणि तो बराच काळ टिकला.

एल२ ची निवड चुकीची नव्हती. मंगळाच्या धुळीतली लोहखनिजं ४३२ ला प्रकाश गिळतात आणि ७५३ ला उजळ असतात, त्यामुळे या दोन टोकांमध्ये खडकांतला फरक सर्वांत ठळक उठतो. शिवाय उजव्या डोळ्यात आर२ हा ७५४ चा आणि आर१ हा ४३६ चा फिल्टर होता. म्हणजे रंगासाठी पाठवलेला तोच फोटो स्टिरिओसाठी, म्हणजे दोन डोळ्यांच्या फोटोंतून खोली काढायलाही कामाला येई, आणि डेटा पाठवण्याची मर्यादा पाहता हा फायदा मोठा होता. चुकलं ते इतकंच की फोटो जाहीर करताना कोणते फिल्टर वापरले हे फोटोखालच्या ओळींत ठळकपणे लिहिलं जात नव्हतं. ती एक ओळ असती तर वाद इतका पेटलाच नसता.

त्यात भर पडली कच्च्या जेपेग फोटोंची. ते लगेच सगळ्यांसाठी खुले होत, हे फार मोलाचं होतं. पण प्रत्येक फोटोचा कॉन्ट्रास्ट संगणक आपोआप ताणत असे. त्यामुळे एल२ आणि एल७ मधला उजेडाचा मूळ फरकच पुसला जाई. असे तीन फोटो थेट एकत्र केले की निळसर किंवा हिरवट मंगळ तयार होतो. उपाय असा: फाइलच्या नावातल्या पहिल्या आकड्यावरून रोव्हर ओळखायचा (१ म्हणजे ऑपॉर्च्युनिटी, २ म्हणजे स्पिरिट), नंतरच्या नऊ आकड्यांवरून सेकंदातली वेळ, आणि शेवटच्या चार अक्षरांतल्या पहिल्या दोनांवरून डोळा व फिल्टर. वेळ जवळची असलेलेच तीन फोटो घ्यायचे. मग त्याच सुमाराचा सूर्यघड्याळाचा फोटो शोधून राखाडी कडी तिन्ही चॅनलांत सारखी येईपर्यंत प्रत्येक चॅनलला गुणक लावायचा. मात्र हा गुणक काढायला काही महिन्यांनी जाहीर होणारा, कॅलिब्रेट केलेला, म्हणजे खऱ्या उजेडाशी ताडून घेतलेला डेटाच भरवशाचा. ताणलेल्या जेपेगवर हाच प्रयोग केला तर दर तुकड्याला गुणक वेगळा निघतो. पुढे कड्यांवरही धूळ बसत गेली आणि तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागला.

तुकडे जोडताना दोन गोष्टी हटकून बिघडतात. पहिली सावली: फिल्टर बदलेपर्यंत सूर्य थोडा सरकतो आणि सावलीच्या कडेला लाल-निळी किनार उमटते. दुसरी पॅरलॅक्स, म्हणजे बघण्याची जागा बदलली की जवळची वस्तू सरकलेली दिसणं: डोळे मास्टच्या अक्षावर नाहीत, त्यापासून १५ सेंटिमीटर बाजूला आहेत. मान वळली की जागाही बदलते. म्हणून जुळणीचे बिंदू दूरच्या टेकड्यांवर घ्यावेत, रोव्हरच्या पाठीवर अजिबात नकोत. जवळचा दगड दुहेरी दिसला तर तिथली शिवण हाताने हलवावी. एल५ आलाच नसेल तर एल२ आणि एल७ ची सरासरी हिरव्याच्या जागी चालते. वाळू-खडकांवर फरक फारसा जाणवत नाही, रोव्हरच्या रंगीत भागांवर मात्र ही युक्ती फसते.

ऑपॉर्च्युनिटीच्या शेवटच्या पॅनोरमात, म्हणजे १३ मे ते १० जून २०१८ या काळातल्या ३५४ फोटोंत, डावीकडे खालचे काही तुकडे कृष्णधवलच आहेत. तिथले हिरव्या आणि जांभळ्या फिल्टरचे फोटो घेण्याआधीच धुळीचं वादळ आलं. ते तसेच ठेवले, हा निर्णय योग्यच होता.

२०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीने हा सगळा खटाटोप कमी केला. तिच्या मास्टवरच्या मास्टकॅमच्या, ३४ आणि १०० मिलिमीटर भिंगांच्या दोन्ही कॅमेऱ्यांत सेन्सरवरच बायर फिल्टर, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या बारीक चौकटींची जाळी आहे, पुढे इन्फ्रारेड अडवणारी काच आहे. सूर्यघड्याळ स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटीच्याच मोहिमेतलं शिल्लक राहिलेलं, धूळ ओढून घ्यायला त्यात चुंबकं बसवलेली. २०१९ च्या अखेरीस हजाराहून जास्त फोटोंतून जवळपास १८० कोटी पिक्सेलचा पॅनोरमा झाला. उजेड सारखा राहावा म्हणून फोटो दुपारी १२ ते २ या वेळेतच घेतले गेले. आता वाद व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कोणत्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं यावर आहे. पृथ्वीच्या उजेडासारखा रंग केला की भूशास्त्रज्ञांना खडक ओळखू येतात, पण आभाळ निळसर होतं. दोन्ही आवृत्त्या शेजारी द्याव्यात, हे उत्तम.

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर काढलेले नॅव्हकॅमचे, म्हणजे वाट शोधायच्या कॅमेऱ्याचे फोटो कृष्णधवल आहेत. विक्रम लँडरचं जे लाल-निळसर चित्र सगळीकडे फिरलं ते स्टिरिओ ॲनाग्लिफ आहे: डाव्या डोळ्याचा फोटो लाल चॅनलमध्ये, उजव्याचा हिरव्या आणि निळ्यात. त्या रंगांवरून चंद्राच्या मातीचा रंग काढता येत नाही.