नागीण की साधा हर्पीस? किडनी बदललेल्या माणसाच्या अंगावरचे फोड

फोंड्याच्या मामांची किडनी बदलून दीड वर्ष झालं होतं. ऐन चवथीत त्यांच्या उजव्या कुशीत आग होऊ लागली. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना लचक भरली असेल, असं घरात ठरलं. तिसऱ्या दिवशी शर्ट वर केला, तर पाठीपासून पोटाकडे पाणीदार फोडांचा पट्टा. शेजारच्या काकींनी लेपासाठी काव, म्हणजे गेरू, उगाळून आणली: "नागीण ती. तोंड शेपटीला मिळालं तर माणूस जातो." डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र 'हर्पीस झोस्टर' होतं. मामींचा चेहराच उतरला. हर्पीस म्हणजे 'तसला' रोग ना?

नाही. नागीण हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी आलेला, मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहिलेला. ओठांवर किंवा जननेंद्रियांवर फोड आणतो तो हर्पीस सिम्प्लेक्स. कूळ एक, दडून बसायची खोडही एक, पण विषाणू वेगळे. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्यांनी राखणदारच सुस्तावतो आणि दोघांनाही रान मोकळं मिळतं.

सिम्प्लेक्स बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यातच डोकं वर काढतो आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. नागीण सहसा काही महिन्यांनी येते. आधी दुखतं, मग एकाच बाजूला, एकाच मज्जातंतूच्या वाटेने फोड उठतात. वेटोळं सहसा पुरं होत नाही ते म्हणूनच. पण प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात ती दोन्ही बाजूंना, अंगभर, फुप्फुसापर्यंतही पसरू शकते. तेव्हा काकींची भीती अगदीच खुळी नव्हती. खुळी होती ती काव. तिच्याखाली फोड दिसेनासे झाले. सिम्प्लेक्सही अशा रुग्णात कधी फोड न वाटता न भरणारी खोल जखम होऊन बसतो. नजरेवर भिस्त ठेवता येत नाही, फोडाच्या तळाचा नमुना पीसीआरला, म्हणजे विषाणू नेमका कुठला ते सांगणाऱ्या तपासणीला, द्यावा लागतो.

औषध दोघांनाही ॲसायक्लोव्हिरच, पण नागिणीला मात्रा बरीच जास्त, आणि तीही किडनी किती काम करते ते पाहून ठरते. म्हणून ओठावरच्या फोडांसाठी आणलेल्या उरलेल्या गोळ्या इथे चालत नाहीत. सुरुवात शक्यतो फोड उठल्यापासून 72 तासांत व्हावी. मामांचे त्यातले बरेचसे कावेतच गेले.

नागिणीच्या फोडातल्या पाण्याने दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. मामांचा नातू दोन वर्षांचा. गणपती पोचवून झाल्यावर त्याला लगेच डिचोलीला आजोळी नेऊन सोडला.