स्लाइडमधील अदृश्य चिन्हे आणि मराठीचा ‘ऱ्’ : पार्श्वभूमी

वर्डमध्ये परिच्छेदखुणेचे बटण दाबले की मोकळ्या जागांचे ठिपके, टॅबचे बाण आणि परिच्छेदाच्या शेवटच्या खुणा समोर येतात, आणि ‘शोधा-बदला’च्या चौकटीत ठरावीक संकेत टाकून त्या बदलताही येतात. पॉवरपॉइंटमध्ये ते बटणही नाही आणि ते संकेतही चालत नाहीत. ही उणीव नजरचुकीने राहिलेली नसून तिचे मूळ या साधनाच्या जन्मात आहे. १९८७ साली मॅकिंटॉशसाठी आलेली पहिली आवृत्ती ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक पानांसाठी होती. प्रत्येक पानावर चार-सहा ओळी, त्याही हाताने बसवलेल्या. इतक्या थोड्या मजकुरात खुणा शोधण्याची वेळ येईल असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

त्या हाताने बसवलेल्या ओळींतच पुढच्या अडचणीचे बीज होते. एंटर दाबल्यास नवा परिच्छेद आणि त्याबरोबर नवा बुलेट सुरू होतो. शिफ्ट-एंटर दाबल्यास ओळ तुटते, परिच्छेद तोच राहतो. या दुसऱ्या तुटीसाठी पॉवरपॉइंटने ११ क्रमांकाचे चिन्ह वापरले. १९६३च्या आस्की या, प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संकेतावलीत ते कागद उभ्या दिशेने ठरावीक अंतर सरकवण्यासाठी होते. छपाईयंत्राचा आदेश अशा रीतीने स्लाइडच्या पोटात जाऊन बसला. २००७च्या आवृत्तीपासून फाइल एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग नावाच्या खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या रूपात, साठवली जाऊ लागली आणि एक्सएमएलला हे चिन्ह चालत नाही, म्हणून फाइलमध्ये त्याच्या जागी ओळतुटीचा स्वतंत्र टॅग आला. मॅक्रोला, म्हणजे पॉवरपॉइंटकडून कामे आपोआप करून घेणाऱ्या छोट्या आज्ञावलीला, मात्र तीच तूट आजही ११ म्हणूनच दिसते. एकाच वस्तूची अशी दोन रूपे असल्यामुळे फाइल उघडून पाहणारा आणि मॅक्रो लिहिणारा यांचे वर्णन जुळत नाही, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

२०१३च्या आवृत्तीने स्लाइडचा मूळ आकार चारास तीनवरून सोळास नऊ केला. अरुंद पानासाठी तोडलेल्या ओळी रुंद पानावर मध्येच तुटलेल्या दिसू लागल्या आणि तोवर कोणाच्या ध्यानात न आलेल्या शिफ्ट-एंटरचा उपद्रव उघडा पडला. खान्देशात याला आणखी एक निमित्त मिळाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला इथल्या लाडक्या कवयित्रीचे, बहिणाबाई चौधरींचे, नाव दिले गेले. जुन्या सादरीकरणात विद्यापीठाचे आधीचे नाव मथळ्यात दोन ओळींत तोडलेले असेल, तर सलग नाव शोधणाऱ्या आदेशाला ते सापडत नाही. दोन शब्दांमध्ये वेबपानावरून आलेली न तुटणारी मोकळी जागा, म्हणजे १६० क्रमांकाचे चिन्ह, असेल तरी तेच होते. ‘फक्त मजकूर’ हा पर्याय निवडून चिकटवल्याने या गोष्टी गळून पडतात, हा समज चुकीचा आहे. त्या पर्यायाने टंक, रंग आणि आकार जातात, चिन्हे जशीच्या तशी राहतात.

येथपर्यंतची हकिगत कोणत्याही भाषेला लागू पडते. मराठीपुरता खरा गुंता ‘फॉरमॅटिंग’ या शब्दात आहे. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात : पडद्यावर दाखवण्यापुरती काढलेली खूण, ओळ वा परिच्छेद तोडणारे नियंत्रणचिन्ह, आणि युनिकोडने, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, ‘फॉरमॅट’ वर्गात टाकलेली शून्य रुंदीची चिन्हे. या तिसऱ्या वर्गात ८२०५ क्रमांकाचा झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षर जोडरूपात दाखवायला सांगणारे अदृश्य चिन्ह, येतो. इंग्रजी मजकुरात तो बहुधा चुकून आलेला असतो. मराठीत तो शुद्धलेखनाचा भाग असू शकतो, आणि ‘सर्व अदृश्य चिन्हे काढून टाका’ असे सरसकट सांगणारे उपाय नेमके येथेच घात करतात.

बऱ्हाणपूर, पऱ्हाटी, दुसऱ्या, गिऱ्हाईक या शब्दांत ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढत नाही. तो त्याच्या आधी विळ्यासारखा आडवा राहतो. हा फरक केवळ वळणाचा नव्हे, अर्थाचा आहे. आचार्य निराळे आणि स्वयंपाकाचे आचारी निराळे, म्हणून ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे वेगवेगळे शब्द ठरतात. भूगोलाच्या स्लाइडवर सातपुड्याच्या ‘दऱ्या’ लिहायच्या असताना ‘दर्या’ उमटला, तर तोरणमाळच्या पायथ्याशी समुद्र येतो. अहिराणी लिहिणाऱ्याला हा ‘र’ पावलोपावली लागतो, कारण ‘राहतो’ या अर्थाचे ‘ऱ्हास’ हे रोजचे क्रियापद त्यानेच सुरू होते. (प्रमाण मराठीच्या वाचकाला ते दचकवते, ही गोष्ट वेगळी.)

हा आडवा ‘र’ संगणकात साठवायचा कसा, यावर एकमत नव्हते. १९९१च्या भारतीय मानकाने, म्हणजे इस्कीने, नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त अशी जोडी ठरवली होती. युनिकोडच्या १९९६ सालच्या २.० आवृत्तीत मात्र साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे जॉइनर अशी मांडणी होती. नंतर इस्कीची पद्धत स्वीकारली गेली आणि आधीची मांडणी जुन्या मजकुराच्या सोयीसाठी वैध ठेवण्यात आली. म्हणजे निर्णय फिरवला, पण आधीचा रद्द केला नाही.

जॉइनरच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. मराठी माणसाच्या लेखी हा ‘र’च आहे, वेगळे अक्षर नाही; मराठीच्या वर्णमालेत नुक्त्याचा ‘ऱ’ कोणी शिकवत नाही, आणि द्राविडी उच्चारासाठी ठेवलेले अक्षर मराठीच्या रोजच्या शब्दांत आणणे कृत्रिमच आहे. तरीही प्रस्तुत लेखकाला इस्कीची पद्धत अधिक शहाणपणाची वाटते. ज्या खुणेवर दर्या आणि दऱ्या यांतला भेद अवलंबून आहे, ती खूण डोळ्यांना न दिसणारी आणि कोणत्याही सफाईत पुसली जाणारी असू नये. दोन्ही पद्धती वैध ठेवण्याच्या सौजन्याची किंमत मात्र शोधणाऱ्याला मोजावी लागते : पडद्यावर दोन्ही ‘बऱ्हाणपूर’ सारखेच दिसतात, पण युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे एक करण्याच्या, नियमांनी ते एक ठरत नाहीत, आणि म्हणून अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधाला एकाने दुसरे सापडत नाही. खान्देशच्या सुभ्यावर बेतलेल्या एकाच सादरीकरणात अर्धी बऱ्हाणपुरे बदलावीत आणि अर्धी तशीच राहावीत, याचे कारण बहुधा एवढेच असते.

एकाच सादरीकरणात दोन्ही प्रकार येतात कसे, याचे उत्तर टंकांच्या इतिहासात आहे. विंडोज २००० मध्ये मंगल टंकासह देवनागरी युनिकोड आले, तरी त्यानंतरही बराच काळ मराठी स्लाइड श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत तयार होत राहिल्या. त्या टंकांत आडव्या ‘र’चा तुकडा वेगळाच असल्यामुळे जॉइनरचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो मजकूर पुढे युनिकोडमध्ये आणताना काही परिवर्तकांनी ‘ऱ’ दिला, काहींनी जॉइनर. कळफलकांतही एकवाक्यता नव्हती : इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ला स्वतःची कळ आहे, तर अन्य पद्धतींनी टंकणाऱ्यांनी हाती आले ते वापरले.

यावर आज जो उपाय केला जातो तो मॅक्रोचा. मॅक्रो लिहिण्याची व्हीबीए ही भाषा पॉवरपॉइंटला १९९७च्या आवृत्तीपासून मिळाली. कृती नोंदवून मॅक्रो आपोआप तयार करण्याची सोय मात्र २००७ मध्ये काढून घेण्यात आली, त्यामुळे तेव्हापासून तो हातानेच लिहावा लागतो. मॅक्रोच्या संपादकात देवनागरी अक्षरे थेट लिहिली तर सहसा प्रश्नचिन्हे उमटतात, म्हणून सारा व्यवहार क्रमांकांनी करावा लागतो : साधा ‘र’ २३५२, नुक्त्याचा ‘ऱ’ २३५३, हलन्त २३८१. २३५२, २३८१ आणि ८२०५ हे तीन सलग आले की त्यांच्या जागी २३५३ आणि २३८१ ठेवायचे, आणि हे झाल्यावरच उरलेल्या जॉइनरकडे वळायचे. उरलेल्यांतही सगळे टाकाऊ नसतात. पहिलीच्या वर्गासाठी अर्धी अक्षरे सुटी दाखवणाऱ्या स्लाइडवर ते मुद्दामच घातलेले असतात. अंतर्भूत बदल-आदेश एका वेळी पहिलीच जागा बदलत असल्याने तो काहीही न उरेपर्यंत फिरवावा लागतो. तक्त्यांच्या चौकटी, एकत्र बांधलेल्या आकृत्या आणि वक्त्याची टिपणे यांच्यापर्यंत मॅक्रोला स्वतंत्रपणे न्यावे लागते. तसे केले नाही, तर स्लाइड स्वच्छ दिसते आणि तिच्याखालच्या टिपणातले बऱ्हाणपूर मात्र जुन्याच पद्धतीने लिहिलेले राहते.