थिंग (शब्द)

जर्मानिक भाषाकुळातील एक सामाईक शब्द. इंग्रजीत आज त्याचा अर्थ ‘वस्तू’ किंवा ‘बाब’ एवढाच उरला आहे. मुळात मात्र हे सभेचे नाव होते. ठरल्या दिवशी गावोगावचे स्वतंत्र पुरुष उघड्या मैदानात जमत आणि तंट्यांचा निवाडा करत, ती सभा म्हणजे थिंग. जर्मन व डचमध्ये त्याचे रूप ‘डिंग’, स्कँडिनेव्हियात ‘टिंग’. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतील ‘थीह्स’ (काळ) या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. तसे असेल तर आधी ठरलेली वेळ, मग त्या वेळची बैठक, असा क्रम लागतो.

बैठकीपुढे येई ते प्रकरण, प्रकरणाची झाली बाब आणि बाबीची कोणतीही चीज. लॅटिन ‘काउसा’ (दावा) पासून फ्रेंच ‘शोज’ (वस्तू) झाला, तो याच वाटेने. आणि लांब कशाला जायचे? आपली ‘गोष्ट’ संस्कृत ‘गोष्ठी’पासून आली; गोष्ठी म्हणजे मंडळींची बैठक, तिथले बोलणे. ‘एक गोष्ट राहिली’ म्हणताना आपणही एका मोडलेल्या सभेचेच नाव घेत असतो.

आइसलँडमध्ये ही सभा मोडली नाही, निदान फार काळ नाही. इ.स. ९३० च्या सुमारास थिंगवेटलिरच्या मैदानावर आल्थिंग भरू लागले. कायदे तेव्हा लिहिलेले नव्हते. कायदेवक्ता ते खडकावरून तोंडपाठ म्हणे : दरवर्षी एक तृतीयांश, तीन वर्षांत सगळे. १८०० मध्ये आल्थिंग बंद पडले. १८४५ मध्ये रेक्याविकला पुन्हा सुरू झाले आणि आजही तीच तिथली संसद आहे. नॉर्वेचे स्टोर्टिंग, डेन्मार्कचे फोल्केटिंग ही संसदांची नावेही याच शब्दाची. स्वीडनमध्ये कनिष्ठ न्यायालयाला ‘टिंग्सरेट’ म्हणतात, तर डचमध्ये तातडीच्या दाव्याला ‘कोर्ट खेडिंग’. इंग्रजीतील निवडणूक प्रचाराचा ‘हस्टिंग्ज’ म्हणजे मूळ ‘हूस-थिंग’, राजाची किंवा सरदाराची घरची सभा.

जर्मन मंगळवार ‘डीन्सटाग’ हाही बहुधा याच घरातला. ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीजवळ सापडलेल्या एका रोमन वेदीवर ‘मार्स थिंक्सस’, म्हणजे सभेचा रक्षक मंगळ (मार्स हा रोमनांचा युद्धदेव), अशी अक्षरे कोरलेली आहेत.

डॅनिशमध्ये तर दोन्ही अर्थ अजून एकाच रूपात नांदतात, फरक केवळ लिंगाचा : ‘एन टिंग’ म्हणजे वस्तू, ‘एट टिंग’ म्हणजे सभा.