ज्वारीची बिअर कशी चाखावी, गुण कसे द्यावेत

इंदूरच्या आमच्या ब्रुअरीत ग्लूटेन-फ्री बिअर मागणाऱ्यांत काहीजणांना गहू सोसत नाही, काहीजण नुसते कुतूहलाने येतात. पहिल्या घोटानंतर मात्र दोघांचाही शेरा बहुधा एकच: “ग्लूटेन नाही, त्या मानाने छान आहे.” ही सवलत आम्हाला नको. जवाच्या बिअरची नक्कल म्हणून तपासली तर ज्वारीची बिअर कायम कमीच पडणार. पथ्याचं पेय म्हणून पाठ थोपटली तर बिघडलेली बिअरही खपून जाणार. हे दोन्ही टाळून कसं चाखायचं ते इथे लिहिलं आहे. चाखण्याच्या संध्याकाळी येण्याआधी एकदा वाचून या.

ही बिअर कशाची

ग्लूटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतली काही प्रथिनं. नेहमीची बिअर जवाच्या माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवावर, उभी असते आणि जवातल्या अशा प्रथिनाला होर्डीन म्हणतात. आमच्या बिअरमध्ये ही धान्यं मुळातच नाहीत. पांढरी ज्वारी, थोडी बाजरी, तांदूळ आणि गडद बिअरमध्ये भाजलेला कुट्टू, एवढंच. उपासाचा कुट्टू बिअरमध्ये कसा, असं काही घरांतून विचारलं जातं. त्याचं उत्तर आमच्याकडे नाही.

बाजारात दुसराही एक प्रकार आहे. ती बिअर जवाचीच असते, पण आंबवताना तिच्यात प्रोलिल एंडोपेप्टिडेज नावाचं एन्झाइम घालतात. थंड केल्यावर बिअर गढुळू नये म्हणून ते मुळात वापरात आलं. प्रथिनांचे तुकडे करता करता ते ग्लूटेनही तोडतं. चवीला ही बिअर जवाची ती जवाचीच, त्यामुळे पिणारे खूश असतात. अडचण येते ती मोजताना. ग्लूटेन मोजायच्या नेहमीच्या सँडविच एलायझा चाचणीला एकाच प्रथिनावर पकडायला दोन जागा लागतात. प्रथिन तुटलेलं असेल तर बारीक तुकडे तिच्यातून निसटतात. म्हणून अशा बिअरसाठी कॉम्पिटिटिव्ह नावाची दुसरी चाचणी करतात, पण उरलेले तुकडे सीलिॲकच्या (ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला बाधतील की नाही, हे तीही ठामपणे सांगत नाही. अमेरिकेत याच कारणाने जवाच्या बिअरवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहू देत नाहीत. आंबवलेल्या पदार्थांसाठीचा २०२० चा नियमही त्याच अंगाने जातो. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात ग्लूटेन-फ्री म्हणजे किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत, आणि २० ते १०० असेल तर ‘लो ग्लूटेन’. सीलिॲक असेल त्यांनी बाटलीवरची मोठी अक्षरं सोडून आधी घटकांची ओळ वाचावी. तिथे जव दिसलं तर बाटली खाली ठेवावी.

धान्य बरोबर असलं तरी ग्लूटेन मागच्या दाराने येऊ शकतं. मंडीत ज्वारी आणि गव्हाचे ढीग शेजारी-शेजारी असतात, चक्कीही बहुधा एकच. आम्ही ज्वारी निवडून घेतो आणि आमच्याच गिरणीवर भरडतो. यीस्टचंही तसंच. एका बॅचचं यीस्ट काढून पुढच्या बॅचला लावायची या धंद्यातली जुनी रीत आहे. जवाच्या बॅचमधलं यीस्ट उचललं तर सोबत ग्लूटेनही येतं. इथे जवाची बिअर होतच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

ज्वारीचा स्वभाव

मोड आणून वाळवलेल्या जवाचा स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फुलतो. नेमकी त्याच तापमानाला माल्टमधली एन्झाइम्स जोरात असतात, त्यामुळे स्टार्चची साखर व्हायला वेळ लागत नाही. ज्वारीचा स्टार्च फुलायला ७० अंश किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तोवर एन्झाइम्स मरायला लागलेली असतात. मग वरचं पाणी, ज्यात एन्झाइम्स उतरलेली असतात, ते आधी काढून बाजूला ठेवायचं, खालचा दाणा शिजवायचा, निववायचा आणि ते पाणी परत घालायचं. त्यात ज्वारीला जवासारखं टरफल नाही. गाळताना सगळा लगदा बसतो, म्हणून भाताचा तूस मिसळावा लागतो. ज्वारीच्या कोंबात आणि मुळ्यांत धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. त्यामुळे मोड वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या घासून काढणं टाळता येत नाही.

एवढं सांगायचं कारण ग्लासात दिसतं. ज्वारीतली बरीचशी प्रथिनं, म्हणजे काफिरिन, पाण्यात उतरत नाहीत. फेस धरायला जवात जशी प्रथिनं असतात तशी इथे कमी, म्हणून फेस लवकर बसतो आणि घोट थोडा हलका लागतो. बाजरी आणि कुट्टू आम्ही घालतो ते यासाठीच.

ज्वारीची बिअर म्हणजे फक्त आजाऱ्यांची सोय, असंही समजू नका. आफ्रिकेत ती पिढ्यान् पिढ्या घरोघरी होते. नायजेरियात १९८८ पासून जवाच्या माल्टची आयात बंद झाली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनी लागर, म्हणजे नेहमीची फिकी बिअर, ज्वारी आणि मक्यावर नेली.

ग्लास आणि शेव

बर्फ धरलेला मग मागू नका. अति थंडीत वास उठत नाही आणि जीभही सुन्न पडते. फिकी बिअर ६ ते ८ अंशांवर, गडद १० ते १२ वर चाखा. चाखायला ६० ते ९० मिलिलिटर पुरतं. आधी फिकी, मग कडू, शेवटी गडद. हा क्रम उलटा केलात तर फिकी बिअर पाण्यासारखी लागेल.

आता इंदूरकरांना न रुचणारी सूचना. चाखताना शेव नको. तिचं तेल ओठांवरून ग्लासात उतरतं आणि होता तेवढा फेसही मरतो. लसूण आणि लवंग तर पुढचे चार घोट व्यापून बसतात. सीलिॲकवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. शेव बेसनाची म्हणून ती निर्धोक ठरत नाही. बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात मैदा असतो, आणि हिंग शेवेत, भुट्ट्याच्या किसात, फोडणीत सगळीकडे असतो. म्हणून टेबलावर आम्ही साळीच्या लाह्या आणि साधं पाणी ठेवतो. बिअर संपल्यावर सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊन काय खायचं ते खा.

नाक, जीभ, नाक

ओतल्या ओतल्या आधी वास घ्या, कारण पहिला दरवळ लगेच उडून जातो. ग्लासावर तळवा झाकून दोन-तीनदा फिरवा आणि पुन्हा हुंगा. मग घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग या सोडलेल्या श्वासात कळतो.

ज्वारीच्या चांगल्या बिअरमध्ये भिजल्या धान्याचा, कधी तव्यावरच्या भाकरीचा वास येतो. इथल्या रामबाग-लोकमान्यनगर या मराठी वस्त्यांतली जुनी मंडळी तो लगेच ओळखतात, बाकीच्यांना थोडा वेळ लागतो. कुट्टू दाण्यासारखा खमंग आणि जरा मातकट, बाजरी त्याच बाजूची पण सौम्य. किंचित आंबूस कड ज्वारीला असतेच, ती दोषात धरू नये. घसा आवळणारा तुरटपणा मात्र वेगळा. लाल, टॅनिनच्या ज्वारीत तो येतो, आणि आमच्या पांढऱ्या ज्वारीच्या बिअरमध्ये जाणवला तर तो आमचा दोष समजा.

खरे दोष धान्य बघून येत नाहीत, आणि इथेच दयामाया नको. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर ओशट थर म्हणजे डायअसेटिल, यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर घाईने काढली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की हवा लागून ती शिळी झाली. ऊन लागलेल्या बिअरला हॉप्समुळे (कडूपणासाठी घालतात त्या फुलांमुळे) उग्र, नको वाटणारा वास येतो, म्हणून पारदर्शक बाटल्या आम्ही घेत नाही. धातूची चव आल्यासारखं वाटलं तर थोडी बिअर मनगटामागे चोळून हुंगा, वास तिथे जास्त स्पष्ट होतो. उकडलेल्या मक्याचा वास सगळ्यात फसवा. धान्याचाच असेल असं वाटतं, पण बहुतेकदा तो डीएमएस नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो, उकळी नीट न आल्याचा.

गुण

परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेची गुणपत्रिका आम्ही वापरतो. एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण ठशाला १०. फेसावर तक्रार करणाऱ्यांनी हे तीन गुण बघावेत. फेस त्या तिनातलाही एकच भाग. हलका घोट पाचात मोजा, त्याचा राग चवीच्या विसांवर काढू नका. याच संस्थेच्या वर्गवारीत ग्लूटेन नसलेल्या धान्यांची बिअर ‘३१अ’ या वेगळ्या गटात जाते, आणि एन्झाइम घातलेली जवाची बिअर तिच्या मूळ प्रकारातच बसते. आम्हाला ही वाटणी पटते. एन्झाइमवालीला लागरशी तोलणं रास्त आहे. ज्वारीवालीला ज्वारीशी तोला.

कुणाला आपल्या जिभेची परीक्षा घ्यायची असेल तर काउंटरवर तीन ग्लास मागा. दोनात एकच बिअर असते, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून पुन्हा पुन्हा करून पाहा, पण घोट लहान ठेवा.

एकवीस वर्षांखालच्यांना बिअर देत नाही, ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. गाडी चालवणाऱ्यांनी फक्त हुंगावं, हुंगण्याचे पैसे नाहीत. भरलेली गुणपत्रिका दाराजवळच्या डब्यात टाका. नावाची गरज नाही, पण कमी गुण दिले असतील तर कशाचा वास आला ते जरूर लिहा.