निवटी

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर वावरणारा उभयचर मासा. निवटी गोबी माशांच्या गोतावळ्यातली. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत, शिवडी, ऐरोली, गोराई, मनोरी इथल्या तिवरांच्या कडेने ती दिसते. बाजारात येते ती प्रामुख्याने बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी ही जेमतेम वीतभर लांबीची जात. तिचे नामकरण फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी १८३७ मध्ये केले.

निवटीला फुप्फुसे नाहीत. ओली कातडी आणि तोंड-घशाचे अस्तर यांतून ती हवेतला ऑक्सिजन घेते, कल्ल्यांच्या कप्प्यांत पाणी धरून ठेवते. अंग सुकू लागले की डबक्यात लोळून येते. छातीचे पर हातांसारखे रेटत ती सरपटते आणि शेपटीच्या फटक्याने उडी मारते. डोळे बेडकासारखे माथ्यावर असतात. ते खालच्या पाणीभरल्या खोबणीत ओढून ती ओले करून घेते. माशाला पापणी नसते, त्यावरचा हा तोडगा.

बोलिओफ्थाल्मस डोके डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरची डायटम शैवलांची साय खरवडून खाते. पेरिओफ्थाल्मस हे तिचे भाऊबंद मात्र शिकारी. किडे आणि छोटे खेकडे टिपतात.

खरी कमाल बिळात आहे. चिखलाच्या आत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, आणि अंडी तर तिथेच, बिळातल्या कोठडीच्या छताला चिकटवलेली असतात. जपानच्या किनाऱ्यावरील पेरिओफ्थाल्मस मोडेस्टस या जातीत नर तोंडात हवा भरून आणतो आणि कोठडीत सोडतो. पिल्ले तयार झाली की तीच हवा घोट-घोट बाहेर नेतो. कोठडीत पाणी चढते आणि अंडी फुटतात. बाप दाई व्हावा तसा हा प्रकार.

विणीच्या काळात नर पाठीवरचा पर उभारून चिखलावर उड्या मारतात. शेजारी हद्दीत शिरला तर दोघे तोंडे वासून समोरासमोर उभे ठाकतात.

कोळी आणि आगरी लोक सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरून बिळात हात घालतात आणि निवट्या पकडतात. दिसायला सोपे, पण गुडघाभर चिखलात पाय रुतलेला असताना बुळबुळीत निवटी मुठीत राहील तर शपथ! पाण्याबाहेरही ती बराच वेळ तग धरते, त्यामुळे टोपलीत जिवंत, वळवळतच विकायला येते. बुळबुळीतपणा जाईपर्यंत चोळून धुतात, मग आंबट-तिखट कालवण करतात.