प्लेबुकातून क्लस्टरात: सेफच्या स्वयंचलित उभारणीची पार्श्वभूमी

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आम्ही २०१८ पासून सेफ चालवतो. सेफ म्हणजे अनेक यंत्रांच्या डिस्क एकत्र जोडून त्यांचं एकच मोठं साठवण करणारी प्रणाली; त्या यंत्रांचा समूह म्हणजे क्लस्टर, त्यातलं एकेक यंत्र म्हणजे नोड. पाच नोड, प्रत्येकात बारा डिस्क, सगळी उभारणी अँसिबलने केलेली; यंत्रांवर काय करायचं ते ‘प्लेबुक’ नावाच्या फायलीत लिहायचं आणि ते अँसिबलने करायचं. आता हा क्लस्टर सेफॲडमवर, म्हणजे सेफच्या स्वतःच्या उभारणी-साधनावर, न्यायचा का, यावर महिनाभर चर्चा चालली आहे. नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना वाटतं, एक हत्यार ठेवून दुसरं उचलायचं, त्यात एवढं काय? त्यांच्यासाठी हे टिपण.

सेफचा जन्म कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात, पीएचडीच्या संशोधनातून झाला. मूळ शोधनिबंध २००६ चा, पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०१२ ची. त्या काळी उभारणीसाठी एमकेसेफएफएस ही स्क्रिप्ट होती. कोणता ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारा प्रोग्रॅम) कोणत्या यंत्रावर, हे सेफ डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एकेक करून हाताने लिहायचं आणि सगळ्या यंत्रांवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून एसएसएचने दुरून शिरायला वाट उघडी ठेवायची. पुढे नोड वाढवायची वेळ आली की पुन्हा हातानेच काम. २०१३ मध्ये कटलफिश आवृत्तीबरोबर सेफ-डिप्लॉय आलं. ते पटकन क्लस्टर उभा करून पाहण्यासाठी चांगलं होतं. बारकाईने नियंत्रण हवं असेल तर पपेट किंवा शेफ अशा साधनांकडे जा, असं त्याच्या दस्तऐवजातच सांगितलेलं असे. मग ज्याने त्याने आपापलं लिहिलं. त्यातून अँसिबलवरचा संच सर्वाधिक रुळला.

कॉन्फिगरेशन व्यवस्थापनाची ही साधनं सेफपेक्षा वेगळ्या घराण्यातली. सीएफइंजिन १९९३ चं, पपेट २००५ चं, अँसिबल २०१२ चं. पाया सगळ्यांचा एकच: यंत्र कोणत्या अवस्थेत हवं ते लिहून ठेवा, तसं नसेल तर तसं करा, असेल तर हात लावू नका. वेब सर्व्हरला हे चपखल बसतं, कारण तिथे एका यंत्राचं शेजारच्या यंत्रावाचून फारसं अडत नाही. सेफमध्ये अडतं.

क्लस्टरची स्थिती नोंदवून ठेवणाऱ्या मॉनिटर या प्रोग्रॅमांचंच घ्या. त्यांची गणपूर्ती झाल्याशिवाय क्लस्टर हलत नाही. आपल्याकडे अनेक संस्थांच्या सभेच्या नोटिशीत शेवटी एक ओळ असते, की गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. मॉनिटरांना ही सवलत नाही. तिघांपैकी दोघे हजर हवेतच. शिवाय क्लस्टरची ओळख, म्हणजे एफएसआयडी, आणि त्याच्या किल्ल्या एकदाच तयार व्हायच्या असतात. प्लेबुक दुसऱ्यांदा चालवताना चुकून नवी एफएसआयडी निघाली, तर तो जुना क्लस्टर राहतच नाही. ‘पुन्हा चालवलं तरी तेच’ हे तत्त्व इथे मुद्दाम, जपून राखावं लागतं.

दुसरी अडचण डिस्कची. रीबूटनंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काल ‘एसडीबी’ म्हटलेल्या डिस्कला आज ‘एसडीसी’ म्हणू शकतो. यादीत नुसती नावं लिहिलेली असतील, तर कोरी डिस्क कोणती आणि भरलेली कोणती हे ओळखायची जबाबदारी साधनावर येते. आमच्या वेळी ते काम सेफ-डिस्क करत असे: पार्टिशनवर ठरावीक खूण, ती दिसली की युडेव्हने (डिस्क जोडली गेल्याची दखल घेणारा लिनक्सचा भाग) ओएसडी सुरू करायचा. एका जूनमध्ये पहिल्याच पावसात वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरली. वीज परत आली तेव्हा एका नोडवर बारापैकी दहाच ओएसडी उठले. बारा डिस्कांच्या घटना युडेव्हवर एकदम आदळल्या आणि दोन वाट पाहता पाहता मुदतीबाहेर गेल्या. दहा मिनिटांत ते दोन उठले नसते, तर मूळ सेटिंगप्रमाणे क्लस्टरने त्यांना बाहेर धरून डेटा इकडेतिकडे हलवायला घेतला असता. हाताने ‘ॲक्टिव्हेट-ऑल’ हा हुकूम दिला तेव्हा सातवं मिनिट चालू होतं. प्लेबुकात काहीच चूक नव्हती. पुढे सेफ-व्हॉल्यूम या नव्या साधनाने या खुणा एलव्हीएमच्या (लिनक्सची डिस्क-विभागणी) टॅगमध्ये ठेवल्या आणि २०१९ च्या नॉटिलस आवृत्तीमधून सेफ-डिस्क काढूनच टाकलं गेलं.

खरा वादाचा निर्णय त्यानंतरचा. २०१८ च्या मिमिकपासून बहुतेक सेटिंग्ज फाइलऐवजी मॉनिटरांकडेच साठवता येऊ लागली. मार्च २०२० च्या ऑक्टोपसमध्ये सेफॲडम आलं आणि उभारणीचं कामही क्लस्टरच्या पोटात गेलं: सगळे डीमन (पार्श्वभूमीत चालणारे सेफचे प्रोग्रॅम) कंटेनरमध्ये, म्हणजे आपल्या गरजेच्या फायलींसह बांधलेल्या वेगळ्या गाठोड्यात, आणि हुकूम सोडणारा सेफच्या मॅनेजर या डीमनमधला मॉड्यूल. कंटेनरवरून रण पेटलं. पॅकेज बरं की कंटेनर, यावर लोक महिनोन्‌महिने भांडले. माझ्या मते त्या भांडणात मोठा बदल झाकला गेला. प्लेबुक माणूस चालवतो तेव्हाच चालतं. सेफॲडमला दिलेलं वर्णन अखंड लागू राहतं. ‘उपलब्ध असतील त्या सगळ्या डिस्क घे’ असं एकदा सांगितलं, की महिन्यानंतर तपासणीसाठी पुसलेली डिस्कही ते पुन्हा ओएसडी करून टाकतं. ‘अनमॅनेज्ड’ (आपणहून हात लावू नको) हा शब्द वेळेवर लिहायला हवा, हे अनेकांना पहिली डिस्क अशी गेल्यावर कळतं.

सेफॲडमच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आवृत्ती बदलणं एका हुकमावर आलं आहे. मॉनिटर आधी, ओएसडी नंतर, हा क्रम आता प्लेबुक लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहायची गरज नाही. अँसिबलचा जुना संच निवृत्तीला लागला असून क्लस्टर सेफॲडमच्या ताब्यात देण्याचं प्लेबुक त्यातच आहे. नोडची पूर्वतयारी मात्र आजही अँसिबलने करता येते.

मला अजून टोचतं ते कारणांचं. अँसिबलच्या सेटिंग्ज लिहिलेल्या आमच्या ग्रुपव्हार्स फायलींतल्या प्रत्येक ओळीमागे गिटमध्ये (फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) एक कमिट, म्हणजे बदलाची नोंद, आहे, आणि ती का बदलली ते त्यात मराठीत लिहिलेलं आहे. क्लस्टरच्या कॉन्फिग लॉगमध्ये काय बदललं ते सापडतं. का बदललं ते सापडत नाही. म्हणून मी चर्चेत एकच अट घातली आहे: रोज रात्री सगळी वर्णनं यामल या साध्या मजकुराच्या स्वरूपात निर्यात करून गिटमध्ये टाकायची, आणि सकाळी फरक दिसला तर ज्याने केला त्याने त्याखाली कारण लिहायचं.