‘फोकस’ म्हणजे मुळात चूल

रोमन माणसाला ‘फोकस’ म्हटलं की घरातली चूल आठवे. अन्न तिथं शिजे, थंडीत घरदार तिथं शेकायला बसे आणि घराची राखण करणाऱ्या ‘लारेस’ या कुलदैवतांची पूजाही तिथंच होई. ‘प्रो आरिस एत फोकिस’, म्हणजे आपल्या वेदींसाठी आणि आपल्या चुलींसाठी लढा, असं आवाहन रोमन वक्ते करत.

विस्तवाला लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, ‘इग्निस’. हा आपल्या ‘अग्नी’चा सख्खा भाऊ. लिथुआनियन ‘उग्निस’ आणि रशियन ‘अगोन’ त्याच घराण्यातले. पण लॅटिनच्या स्वतःच्या लेकींनीच हा शब्द टाकून दिला. बोलता बोलता लोक विस्तवालाही ‘फोकस’ म्हणू लागले आणि ‘इग्निस’ मागे पडला. म्हणून आज आग म्हणजे इटालियनमध्ये ‘फुओको’, स्पॅनिशमध्ये ‘फुएगो’, पोर्तुगीजमध्ये ‘फोगो’, रोमानियनमध्ये ‘फोक’. फ्रेंचांनी तर ‘क’ही गिळून टाकला, उरला जेमतेम ‘फ’. मराठीत ‘अग्नी’ तर आहेच, शिवाय प्राकृत ‘अग्गि’मधून आलेली ‘आग’ रोजच्या तोंडी आहे. म्हणजे रोमन लोकांचा विस्तव रोमच्या वारसांपेक्षा आपणच नीट जपला म्हणायचा! ‘इग्निस’ उरला तो शास्त्रीय आणि तांत्रिक शब्दांत. गाडीचं ‘इग्निशन’ त्याचंच, आणि सह्याद्रीचा बेसॉल्ट ज्या गटात मोडतो तो ‘इग्नियस’ म्हणजे अग्निजन्य खडकही त्याचाच.

‘चूलबंद आमंत्रण’ आणि ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणणाऱ्यांना पुढची गोष्ट समजावून सांगायला नको. स्पॅनिशमध्ये घराला ‘ओगार’ म्हणतात, ते याच चुलीवरून. मध्ययुगीन फ्रान्समध्ये कुटुंबं चुलींवर मोजली जात आणि दर चुलीमागे ‘फुआज’ नावाचा कर बसे. संध्याकाळी घंटा झाली की विस्तव झाकून ठेवायचा, कारण लाकडी घरांच्या गावात एक ठिणगी पुरे. त्या ‘विस्तव झाका’चं फ्रेंच रूप ‘कूव्र-फ’, आणि त्याचाच इंग्रजीत ‘कर्फ्यू’ झाला. सरपण या अर्थाच्या ‘फोकालिया’पासून इंग्रजीतलं ‘फ्युएल’ आलं. चुलीत भाजलेली ती ‘फोकाचा’, हल्ली बेकऱ्यांमध्ये दिसणारी जाड इटालियन रोटी. नाट्यगृहाबाहेरचं ‘फॉयर’ही मूळ फ्रेंच चूलच, दोन अंकांच्या मध्ये प्रेक्षक जिथं ऊब घ्यायला येत ती खोली. याच कुळातला ‘फ्युझिल’ हा शब्द आधी ठिणगी पाडायच्या पोलादी तुकड्याचा होता, मग त्याच तत्त्वावर उडणाऱ्या बंदुकीचा झाला.

मग हा शब्द भिंगापर्यंत पोचला कसा? त्याचं श्रेय जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरकडे जातं. भिंगातून किंवा अंतर्वक्र आरशावरून आलेले सूर्यकिरण एका बिंदूत गोळा झाले की तिथं कागद पेटतो, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. लंबवर्तुळासारख्या वक्रांमध्येही असे खास बिंदू असतात. अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाने इसवी सनापूर्वीच त्यांचे गुणधर्म सिद्ध केले होते, पण त्यांना सुटसुटीत नाव दिलं नव्हतं. केप्लरने 1604 साली प्रकाशशास्त्रावरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात, प्रकाशाचा विचार डोळ्यांसमोर ठेवून, त्यांना ‘फोकस’ म्हटलं. तोवर ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षांचा शोध त्याला लागायचा होता. 1609 मध्ये त्याने मंगळाची कक्षा लंबवर्तुळ असून तिच्या एका फोकसवर सूर्य आहे असं जाहीर केलं. नाव आधी ठेवलं आणि चुलीत विस्तव मागून आला, असं इथं झालं.

(‘लेन्स’ म्हणजे लॅटिनमध्ये मसूर, भिंगाच्या आकारावरून पडलेलं नाव. म्हणजे ‘लेन्सचा फोकस’ हा शब्दशः मसुराची चूल!)

पुढे जर्मनांनी आपल्या भाषेत ‘ब्रेनपुंक्ट’ म्हणजे जळणबिंदू असा शब्द रूढ केला. ज्याला भिंगाने कागद जाळून पाहायचाय त्याला तो लगेच कळेल. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘नाभी’ आणि ‘नाभीय अंतर’ हे संस्कृत वळणाचे शब्द घेतले. त्यात विस्तव नाही, पण ‘कक्षेच्या नाभीवर सूर्य’ म्हणताना ते मला ‘फोकस’पेक्षा सरस वाटतात. कॅमेऱ्यापुढे उभं राहिलं की मात्र आपण सगळे ‘फोकस’च म्हणतो.

रशियनमध्ये एक सापळा आहे. तिथं ‘फोकुस’ म्हणजे भिंगाचा फोकस आणि जादूचा प्रयोगसुद्धा; जादूगाराला ‘फोकुस्निक’ म्हणतात. दोन्ही एकाच चुलीवरचे असतील असं वाटतं, पण हा दुसरा ‘फोकुस’ जादूगारांच्या ‘होकस-पोकस’ या मंत्रातून आलाय. त्याचा रोमन चुलीशी काडीचाही संबंध नाही.